सतराचा पाना आणि नऊशे मिली

दसऱ्याच्या आधीचे चार दिवस माझ्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. खंडेनवमीला गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा आणि त्याआधी ऑइल बदलून घ्यायचं, ही इस्लापूर आणि आसपासच्या तांड्या-गुड्यांची रीतच झाली आहे. यंदा त्या गर्दीत एक दूधवाले काका आले. २००३ सालची स्प्लेंडर, दोन्ही अंगांना कॅन अडकवायचे लोखंडी हूक, सीटवर शिवलेलं पोतं. हातात पिशवी आणि पिशवीत चकचकीत डबा. नांदेडला शिकणाऱ्या पोरानं आणून दिलेला, फुल सिंथेटिक.

“मिस्त्री, पोरगा म्हनला हेच टाका. इंजिन नव्यावानी होतंय म्हनं.”

मी डबा बाजूला ठेवला आणि किक मारली. चालू होताना निळा धूर नाही. म्हणजे व्हॉल्व्हचे सील शाबूत. एक्सलेटर पिळून धरला तसा मागून निळसर धूर निघायला लागला आणि निघतच राहिला. रिंगा गेल्या होत्या. डिपस्टिक काढून पुसली आणि आटे न पिळता नुसती टेकवली. (ही टेकवायचीच असते, पिळून बघितली तर पातळी चुकीची दिसते. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक पिळूनच बघतात.) टोकाला जेमतेम ओल. नऊशे मिली मावणाऱ्या इंजिनात निम्मं तरी उरलं होतं की नाही, देव जाणे.

सिंथेटिक चांगलं की साधं, हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. उत्तर देण्याआधी मी गाडी बघतो आणि गाडीवाल्याला दोन प्रश्न विचारतो: शेवटचं ऑइल कधी बदललं, आणि मधे टॉप-अप केलं का? निम्मा निकाल तिथेच लागतो.

मोटारसायकलच्या ऑइलला कारच्या ऑइलपेक्षा जास्त राबावं लागतं. कारमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच बहुधा कोरडा. आपल्या हिरो होंडात पिस्टन, गिअर आणि क्लच प्लेटा तिघंही एकाच नऊशे मिलीत बुडून असतात. जुनी ओतीव लोखंडाच्या इंजिनाची बुलेट याला अपवाद. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची चेन यांचे तीन संसार वेगळे, म्हणून तिचा विचारही वेगळा. इथे मी बोलतोय ते १९८५ साली आलेल्या सीडी १०० पासून १९९४ च्या स्प्लेंडरपर्यंत आणि पुढच्या पॅशनपर्यंत चालत आलेल्या ९७.२ सीसीच्या आडव्या इंजिनाबद्दल. आमच्या भागात शंभरातल्या साठ गाड्या तरी त्याच जातीच्या असतील, असा माझा अंदाज.

क्लच ओला असण्याचा अर्थ मला धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकानं शिकवला. स्वस्तात मिळालं म्हणून मी त्याच्या गाडीत कारचं भारी ऑइल ओतलं होतं. तो बायकोला घेऊन माहूरला गेला. गडाच्या चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवरच. शेवटी रेणुकामातेच्या पायथ्यापर्यंत ढकलत नेली. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, म्हणजे पेट्रोल वाचतं. पण ओला क्लच घर्षणावरच तर पकडतो! हा घोळ जपान्यांनी ओळखला आणि १९९८ मध्ये मोटारसायकलच्या तेलासाठी जासो हे वेगळं मानांकन काढलं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असेल तर क्लचला चालतं. एमबी असेल तर ते स्कूटरचं. मिनरल की सिंथेटिक हे मी नंतर वाचतो, आधी ही दोन अक्षरं शोधतो. त्या गिऱ्हाइकाच्या क्लच प्लेटा मी फुकट बदलून दिल्या. तरी तो पुन्हा आला नाही.

आता सिंथेटिक म्हणजे काय? साधं मिनरल ऑइल म्हणजे जमिनीतून निघालेलं कच्चं तेल गाळून, धुऊन घेतलेलं. त्यात लहान-मोठे, वेडेवाकडे सगळ्या तऱ्हेचे रेणू राहतात. खरं सिंथेटिक कारखान्यात रेणू जुळवून बनवतात, त्यामुळे रेणू जवळपास एका मापाचे. पण बाजारात ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेल्या डब्यांत बऱ्याचदा तेलाच्या धंद्यात ज्याला तिसऱ्या गटाचं म्हणतात ते तेल असतं. ते कच्च्या तेलापासूनच निघतं, फक्त हायड्रोजनच्या मोठ्या दाबाखाली त्याचे रेणू तोडून नव्यानं घडवलेले असतात. त्याला सिंथेटिक म्हणावं की नाही, यावर अमेरिकेत मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला, आणि तेव्हापासून हा शब्द सैल झाला. सेमी-सिंथेटिकमध्ये सिंथेटिक किती, हे तर डबा सांगतच नाही. तिसऱ्या गटाचं तेल वाईट असतं असं मी म्हणत नाही, ते चांगलंच असतं. फक्त डब्यावरच्या एका शब्दासाठी दुप्पट पैसे मोजताना माणसानं जरा थांबावं.

कॅस्ट्रॉलचं नाव निघालं म्हणून सांगतो. हे नाव आलं ‘कॅस्टर’वरून, म्हणजे आपल्या एरंडावरून. १९०९ साली वेकफिल्ड कंपनीनं जे इंजिन ऑइल काढलं त्यात एरंडेल होतं. माझे आजोबा बंडीच्या आखाला ओंगण घालायचे तेही एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची राख कालवून. ओंगणाचा नळा बंडीखाली लोंबत असायचा. चाक कुरकुरलं की थांबायचं, खुंटी काढायची, ओंगण लावायचं. आजोबांना किलोमीटर मोजावे लागत नव्हते, चाकच सांगायचं. मोटारसायकलचं दुखणं असं की ती कुरकुरायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सिंथेटिकचा खरा फायदा कुठे होतो, तेही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला टेकतो. हवेवर थंड होणारं इंजिन, मागे दोन माणसं, पुढे खताचं पोतं, आणि चढावर ट्रॅक्टरच्या मागे दुसऱ्या गिअरवर रांगायचं. वारा लागत नाही, तेल तापत जातं. तेल जितकं तापतं तितकं हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर जळतं. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशाला हा वेग दुप्पट होतो. इथे सिंथेटिक जास्त टिकतं. दुसरा फायदा गिअरच्या दातांत. २०डब्ल्यू-४० असं दुहेरी वागणं (थंडीत वीसचं, तापल्यावर चाळीसचं) जमावं म्हणून साध्या तेलात लांब साखळीची पॉलिमरं घालतात. गिअर त्या साखळ्या चिरडून तोडतात आणि चाळीसचं तेल हळूहळू तीसकडे सरकतं. गिअर खटखट करायला लागला, न्यूट्रल सापडेना, की समजायचं तेल मेलं. सिंथेटिकला ती पॉलिमरं कमी लागतात, म्हणून ते उशिरा मरतं.

मग मी काकांचा डबा का ओतला नाही?

कारण एक तर रिंगा. तेल पिणाऱ्या इंजिनाला महाग तेल पाजणं म्हणजे सायलेन्सरमधून नोटा उडवणं. आणि दुसरं कारण मी त्यांना उघडून दाखवलं. सतराच्या पान्यानं खालचा बोल्ट सैल केला, काळं पाणी निथळू दिलं. मग किक, फूटरेस्ट काढून उजवं कव्हर उघडलं. ह्या इंजिनाला कारसारखा कागदी फिल्टर नाही. क्रँकच्या उजव्या टोकाला एक वाटीसारखा रोटर गरगर फिरतो, आणि जड घाण बाहेर फेकली जाऊन त्याच्या कडेला चिकटते. दह्याची रवी फिरल्यावर लोणी बाजूला यावं तसं. झाकणाचे छोटे स्क्रू काढले. आत काळपट राखाडी लगदा, ओल्या सिमेंटसारखा, बोटभर जाड. चमच्याच्या दांड्यानं खरवडून कागदावर ठेवला आणि उन्हात धरला. त्यात ॲल्युमिनियमची बारीक चमक होती. खालची जाळी निम्मी बुजलेली.

काका बराच वेळ बघत राहिले. “हे आतच होतं व्हय? वीस वर्सं?”

वीस वर्षं नसेल, पण बरीच. ऑइल बदलणारे नुसता बोल्ट काढतात, कव्हर कोणी उघडत नाही. मग सिंथेटिकच्या भरवशावर ‘आता दहा हजार किलोमीटर बघायला नको’ म्हणणारा माणूस ह्या वाटीचं काय करणार? तेल टिकेल, पण वाटी भरल्यावर घाण कुठे जाणार? म्हणून जुन्या हिरो होंडाला माझं ऑइल एकच: जासो एमएचं साधं २०डब्ल्यू-४०, दोन ते अडीच हजार किलोमीटरला बदल, आणि दर तिसऱ्या-चौथ्या बदलाला रोटर साफ. साधा डबा साडेतीनशे-चारशेला येतो. सिंथेटिकचा आठशे-हजाराच्या पुढे.

‘सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळते’ असंही लोक म्हणतात. ह्यात अर्धंच खरं आहे. एकाच नंबरचं मिनरल आणि सिंथेटिक गरम इंजिनात सारखंच जाड असतं, कारण तो नंबर शंभर अंशाला मोजलेला असतो. पण लोक एकाच दिवशी दोन गोष्टी बदलतात. २०डब्ल्यू-४० मिनरल काढून १०डब्ल्यू-३० सिंथेटिक घालतात, आणि पातळपणाचा दोष सिंथेटिकवर जातो. शिवाय चांगल्या तेलातली साबणासारखी द्रव्यं जुना गाळ धुतात, आणि कडक झालेल्या सीलच्या फटी त्या गाळानंच बुजलेल्या असतात. गळती आधीचीच असते, फक्त उघडी पडते. ‘एकदा सिंथेटिक टाकलं की परत साध्यावर येता येत नाही’ ही मात्र निव्वळ अफवा. येता येतं, चुकून मिसळलं तरी इंजिन जाम होत नाही.

बनावट मालाचं थोडक्यात सांगतो. रिकामा डबा गिऱ्हाइकासमोर खिळा ठोकून फोडल्याशिवाय मी भंगारात टाकत नाही. कारण त्यात गाळलेलं काळं ऑइल भरून परत विकणारे आहेत. ते काळं ऑइल आमच्याकडे वाळवीला म्हणून सागाच्या चौकटींना फासतात, कोणी नाल्यात ओततं. नाला जातो पैनगंगेला. मी ड्रममध्ये साठवतो आणि उचलणाऱ्या गाडीला देतो. त्यावर गल्लीतले हसतात.

आणि हो, मी सिंथेटिक टाकतोही. एका मास्तरांची सीडी १०० आहे. दोन वर्षांपूर्वी ब्लॉक बोअर करून पिस्टन, रिंगा, सगळे ऑइल सील नवे घातले, पहिले हजार किलोमीटर साध्या तेलावर बसवले. आता ते उन्हाळ्यात रोज किनवटला जाऊन येतात. त्या गाडीला मी स्वतःच सिंथेटिकचा आग्रह धरला. तरी बदलायला ते वेळेवर येतात, हे मला माहीत आहे म्हणून.

काकांना मी हिशेब लिहून दिला: बोअर, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन, मजुरी. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. “कापूस निघू द्या,” म्हणाले. तोवर साधं ऑइल, आणि दर रविवारी गाडी मेन स्टँडवर लावून डिपस्टिक बघायची. टेकवून. ते मी त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं.

चकचकीत डबा त्यांनी परत नेला नाही. पोरगा विचारेल म्हणाले, इथेच राहू द्या. फळीवर प्लगच्या खोक्यांशेजारी तो आहे, वर मार्करनं त्यांच्या गाडीचा नंबर लिहिलाय.