फटफटीवरून परमुलखात

शर्यत पाहण्यासाठी माणसाने किती लांब जावे याला काही धरबंध नाही. आमच्या मामांचा नातू इंग्लंडात नोकरीला असतो. २०२३ च्या जून महिन्यात हा पठ्ठ्या मोटारसायकलवर बसून बंदर गाठता झाला, मोटारसायकलीसकट बोटीत चढला आणि ‘आइल ऑफ मॅन’ नावाच्या बेटावर जाऊन उतरला. कशासाठी? तर मोटारसायकलींचीच शर्यत पाहायला! १९०७ पासून त्या बेटावर ही शर्यत भरते. तिच्यासाठी वेगळे मैदान नाही. गावांतून आणि डोंगरांतून जाणारे रोजचेच रस्ते बंद करतात आणि साठ किलोमीटरांच्या त्या वेढ्यावर स्वार जीव मुठीत घेऊन सुटतात. आजवर अडीचशेहून अधिक स्वार त्या वाटेवर गेले आहेत. गेले म्हणजे कायमचेच गेले.

नातवाने पाठवलेली ही चित्रे मी मामांना फोनवर दाखवली. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी चष्मा सारखा करून सगळे पाहून घेतले आणि विचारले,

“पोरगं शर्यत पाहायला समुद्र ओलांडून गेलं म्हणतोस?”

“होय.”

“मंग मला तळेगावला ने. मला नुसती पैनगंगा ओलांडायची हाय.”

तळेगाव म्हणजे पुण्याजवळचे नव्हे. हे तळेगाव दशासर, अमरावती जिल्ह्यातले. संक्रांतीच्या सुमारास तिथे शंकरपट भरतो. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. जुन्नर-खेडकडे गाड्यापुढे घोडी पळते, साताऱ्या-सांगलीकडे अनेक गाडे एकदम सुटतात. वऱ्हाडातल्या पटात मात्र बैलजोडीची खरी झुंज घड्याळाशी. हलका छकडा, वर एक धुरकरी, आणि सेकंदांचा हिशेब.

मी हिंगोलीचा निवृत्त शाळामास्तर. माझ्याकडे एक जुनी बुलेट आहे, जिला मामा अजून फटफटी म्हणतात. तिच्यावर या वयाच्या माणसाला बसवून पावणेदोनशे किलोमीटर न्यायचे, ही कल्पना आमच्या घरातून अर्थातच उडवून लावण्यात आली. “मोटार करा,” ही म्हणाली, “आणि मुळात त्या मुक्या जनावरांना पळवतात ते काय बघायचं?” दुसऱ्या मुद्द्यावर मी मनातून तिच्याच बाजूचा होतो. पण मामांना मोटारीत मळमळते आणि मामांना नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. २०२४ च्या जानेवारीत, पटाचा शेवटचा दिवस गाठायचा म्हणून आम्ही पहाटे पाचला निघालो. मामांच्या डोक्याला मफलर, अंगात माझा कोट, आणि माझ्या कमरेला त्यांच्या हातांचा विळखा.

हिंगोली ही जुनी छावणी. रिसाला, तोफखाना, पलटण ही आमच्या वस्त्यांची नावे ऐकली की कोणालाही वाटावे, गावात अजून घोडदळ राहते. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी इथे फौज ठेवली होती. फौज गेली, नावे राहिली. जिल्हा मात्र अगदी अलीकडचा, १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला.

वीस-बावीस किलोमीटरांवर कनेरगाव नाका लागतो. रोज शेकडो गाड्या जातात, पण इथे नाका कसला, हे कोणी विचारत नाही. मामांनी खांद्यावर थाप मारली. मी गाडी थांबवली. चहाच्या टपऱ्या, पंक्चरचे दुकान, धुक्यात उभी असलेली एक एस.टी.; आणखी काही नाही.

“इथं आपलं राज्य संपायचं,” मामा म्हणाले.

आपले राज्य म्हणजे निजामाचे. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. गंमत अशी, की कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच होते. इंग्रजांनी ते आधी १८५३ साली कर्जापोटी ताब्यात घेतले आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने घेतले. पण पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याला त्याचे काय? त्याच्या दृष्टीने नदीपलीकडे परमुलूख. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार; सात हाली मोजावे तेव्हा सहा कलदार पदरात पडत. माल न्यायचा तर करोडगिरी भरा. सोयरीक मात्र नदीच्या दोन्ही काठांना. माझी आजी वाशीमकडची होती; तिचे माहेर आणि सासर दोन राज्यांत!

मामांच्या वडिलांकडे पांढऱ्या गवळाऊ बैलांची जोडी होती. वर्ध्याकडची ही जात मुळातच पायाला हलकी. दर संक्रांतीला ते जोडी घेऊन, मुक्काम करीत करीत, तळेगावला जात. बक्षीस मिळाले की नाही हे मामांना आठवत नाही. आठवते ते एवढेच, की १९४८ च्या संक्रांतीला नऊ वर्षांच्या मामांनी हट्ट धरला आणि वडील म्हणाले, “पुढल्या साली नेतो.”

ते पुढले साल आलेच नाही. त्या पावसाळ्यात रझाकारांचा धुमाकूळ आमच्या भागात शिगेला पोचला होता. भाद्रपदाच्या आधीच्या एका रात्री गावातली चार घरे वऱ्हाडात निघाली. नदीला पाणी होते. मामांच्या वडिलांनी जोडी पाण्यात घातली. एका बैलाचे शेपूट मामांच्या हाती, दुसऱ्याचे त्यांच्या आईच्या हाती, आणि वडिलांच्या खांद्यावर माझी तान्ही आई. बैलांनी सगळ्यांना पलीकडे काढले. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामी संपली, पण तोवर घरातले पैसे संपले होते. वाशीमच्या बाजारात जोडी विकून टाकावी लागली.

हे मला मामांनी कनेरगावच्या टपरीवर, बशीतला चहा फुंकीत सांगितले. माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. आई तर या जगातून गेली, पण तिने कधी शब्द काढला नव्हता. तिला ते ठाऊक तरी असेल का, कोण जाणे.

पुढचा रस्ता भराभर संपला. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म; एका काळी राजधानी होती म्हणतात, आज सिग्नलला उभे राहावे लागते. मामांनी बैलबाजाराची जागा शोधली, सापडली नाही. मंगरूळपीर, कारंजा. तुरीचे ढीग, वेचणीला आलेला शेवटचा कापूस, कोवळा हरभरा. कारंज्याजवळ तो नवा समृद्धी महामार्ग आडवा गेलेला दिसला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, आणि बैलगाडीला तर विचारूच नका. मामांना त्याचे सुख वाटले. “बरं झालं,” म्हणाले, “आपण आपल्या रस्त्यानं जाऊ.”

तळेगावला पोचलो तेव्हा मैदान माणसांनी फुलले होते. धूळ, भजी, उसाचा रस, लाउडस्पीकर. मला वाटले होते तसा आरडाओरडा होताच. पण जोडी सुटण्याआधी क्षणभर सारे मैदान चिडीचूप होई, ते मला अपेक्षित नव्हते. मग एक हाळी, खुरांचा गडगडाट, आणि डोळ्यांची पापणी दोन-चारदा लवते न लवते तो सारे आटोपलेले. आणि लाउडस्पीकरवर सेकंद, तेही दशांशासकट.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली होती. राज्याने २०१७ साली कायदा बदलला, तरी शर्यती सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला; आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. आता चाबूक, काठी, विजेचा धक्का, सगळे मना आहे. नियम चांगले आहेत. ते पाळतात का, हे पाहायला माझ्यासारखा मास्तर कुचकामाचा. मामांनी मात्र तेच पाहायचे ठरवले होते, हे मला उशिरा कळले.

चार-सहा जोड्या धावल्या आणि मामा उठले. “मागं चल. बैल बांधलेत तिथं.”

मैदानामागे झाडाखाली जोड्या बांधल्या होत्या. मामा एकेका बैलापाशी जात, वशिंडावरून हात फिरवीत, मग पुठ्ठ्यावरून, शेपटाच्या बुडाशी. पराणी, म्हणजे वऱ्हाडातली तुतारी, तिथेच टोचतात. बहुतेक बैल स्वच्छ निघाले. एका पांढऱ्या बैलापाशी मामांचा हात थांबला. जुनी, भरलेली खूण होती.

“कधीचं हाय?” त्यांनी विचारले.

मालक तिशीतला पोरगा. आधी त्याने दुसरीकडे पाहिले. मग म्हणाला, “बाबा, घेतला तवाच होतं. मी नाही लावत.”

“खाऊ काय घालतोस?”

पोराने सरकी, पेंड, उडदाचे पीठ असे सगळे सांगितले. मामा ऐकत राहिले, हात बैलावर तसाच. मग म्हणाले, “याला पाण्यात घालत जा. पोहू दे. पाय सुटतात.”

मी मामांना हळूच विचारले, की इंग्लंडातला तो स्वार आपल्या मर्जीने मरायला जातो, हा बैल कोणाच्या मर्जीने पळतो? मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी वर्गात मागे बसलेला मुलगा झालो. “बैलाच्या नाहीच,” ते म्हणाले. “नदीत बी तेच्या मर्जीनं नवता उतरला.”

तेवढ्यात मैदानात जोराची आरोळी उठली. त्या दिवशी बायकांचाही पट होता. आम्ही धावत, म्हणजे मामांच्या चालीने धावत, कडेला आलो. नऊवारीचा काचा मारलेली एक मुलगी छकड्यावर उभी होती. तिच्या हातात कासऱ्याखेरीज काही नव्हते. जोडी सुटली, तिचा पदर ताठ मागे उडाला, आणि आमचे मामा, चौऱ्याऐंशी वर्षांचे मामा, बोटे तोंडात घालून शीळ घालते झाले! शेजारच्या पोरांनी मागे वळून पाहिले. मामांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, “चल आता. कारंज्याला अंधाराआधी पोचू.”

कारंज्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पैनगंगेच्या पुलावर त्यांनी पुन्हा खांद्यावर थाप मारली. खाली पाणी जेमतेम घोट्याएवढे. मामा कठड्याशी उभे राहून नदीचे दोन्ही काठ पाहत होते. कुठून उतरलो आणि कुठे निघालो, ते ताडत असावेत. मी गाडीपाशीच थांबलो.

घरी आलो तेव्हा ही दारात उभी होती. मामांना हात देऊन उतरवता उतरवता तिने विचारले, “मग? पहिला नंबर कोणाचा आला?”

मी मामांकडे पाहिले, मामांनी माझ्याकडे पाहिले.