बारावा गुण

रविवार, ११ मे २०२५

काल साउदॅम्प्टनने मँचेस्टर सिटीला ०-० असं रोखलं आणि सेंट मेरीज स्टेडियमवर जल्लोष झाला. खरं तर संघ ६ एप्रिललाच प्रीमियर लीगमधून खालच्या डिव्हिजनमध्ये गेला होता, तोही ७ सामने बाकी असताना. या लीगमध्ये इतक्या लवकर कुणीच बुडालं नव्हतं. मग आनंद कसला? बाराव्या गुणाचा! २००७-०८ मध्ये डर्बी काउंटीचे अख्ख्या मोसमात ११च गुण होते. तो नीचांक आता डर्बीच्याच नावावर राहील.

या दशेबद्दल माझा राग आहे तो आधीचे प्रशिक्षक रसेल मार्टिन यांच्या हट्टावर. गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत वर सरकायचं, हे खालच्या डिव्हिजनमध्ये खपलं. प्रीमियर लीगमध्ये मात्र प्रतिस्पर्धी अंगावर आले की चेंडू आपल्याच गोलसमोर गमवायचा आणि गोल खायचा. डिसेंबरात टॉटनहॅमने पहिल्याच मिनिटाला सुरुवात केली, मध्यंतरापर्यंत ५ गोल झाले. त्याच रात्री मार्टिनची गच्छंती. नंतर प्रशिक्षक म्हणून युरिच आले, तेही टिकले नाहीत.

काल मात्र सगळे मुकाट्याने मागे थांबून बचाव करत होते. हेच ऑगस्टपासून केलं असतं तर? वाचले नसते कदाचित, पण इतकी शोभा झाली नसती.