तारो, मारो आणि पोहरादेवीची वाट

वाशीम जिल्ह्यात राहायचे आणि गोरबोली कानावर पडायची नाही, हे शक्य नाही. आठवडी बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, रोजगार हमीच्या कामावर ती आपल्या शेजारीच बोलली जाते. पण बंजारा शेजाऱ्याला त्याच्या भाषेत नाव तरी विचारता येईल, असे आपल्यात कितीजण आहेत? म्हणून घरची पाच माणसे मिळून आम्ही यात्रेच्या दिवसांत पोहरादेवीला गेलो. नवस फेडायला नव्हे, तर माणसे भेटायला आणि चार शब्द पदरात पाडून घ्यायला.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात आहे. वाशीमहून मंगरुळपीर, मानोरा अशी वाट. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणातूनही बंजारा माणूस येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे बंजारा समाजाचा वारसा सांगणाऱ्या नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले.

एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हा समाज मुलुखभर फिरत असे. आगगाडी आली, पक्के रस्ते आले आणि तो व्यापार बुडाला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक फिरत्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यात बंजाराही ओढले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. एवढ्या उलथापालथीत भाषा मात्र टिकली. तिला स्वतःची लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, तिकडे तेलुगू किंवा कानडी लिपीत.

शिकताना हसू फार येते. गोरबोलीत 'तारो' म्हणजे तुझे आणि 'मारो' म्हणजे माझे. "तारो नाम कांई?" असे एका म्हाताऱ्या याडीने, म्हणजे आईने, आमच्या धाकट्याला विचारले. "मारो नाम" म्हणून उत्तर द्यायचे, असे आम्ही शिकवताच तो म्हणाला, "मारो? कोणाले मारू?" याडी पदर तोंडाला लावून हसली आणि तिथूनच आमची शाळा भरली. आपण 'छे' म्हणतो ते नाही म्हणायला. त्यांचे 'छ' म्हणजे आहे. आपला 'कोणी' म्हणजे कुणीतरी. त्यांचे 'कोनी' म्हणजे नाही. दारात उभे राहून "घरात कोणी आहे का?" विचारावे आणि आतून "कोनी" ऐकू यावे, मग पाहुण्याने बसावे की परतावे? 'बाटी' म्हटले की वऱ्हाडी माणसाला तूप आणि वरण आठवते. याडीने बाटी खायला बसवले आणि पुढे आली ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा! त्यांच्या बोलीत भाकरही बाटीच. आम्ही ती पोटभर खाल्ली.

पण मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. तेलंगणातून आलेले एक कुटुंब रस्ता विचारत होते. त्यांना मराठी येत नव्हती, आम्हाला तेलुगू येत नव्हती. तेवढ्यात तांड्यावरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पुढे झाला. त्यांच्याशी गोरबोलीत बोलला, आम्हाला मराठीत सांगितले आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना वाटेला लावले. हाच मुलगा वर्गात मराठी बोलताना अडखळला, तर बाकीची मुले खो-खो हसत असतील. दोन राज्यांना जोडणारी भाषा ज्याच्या तोंडी आहे, तो अडाणी कसा?

आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आपल्या आई-बापांच्या बोलीलाही 'अशुद्ध' म्हणून हसणारे वर्गात होतेच. त्या हसण्याने किती मुले मागच्या बाकावर गप्प बसली, हे प्रत्येक वस्ती जाणते. हसण्या-हसण्यात फरक असतो. एकाला खाली बसवून हसले की शाळा तुटते. दोघे मिळून हसले की ओळख जुळते. याडी आमच्या धाकट्याला हसली, पण लगेच तिने त्याला "एक, दी, तीन" मोजायला शिकवले.

मायबहिणींनो, पुढच्या बाजाराच्या दिवशी शेजारच्या तांड्यावरची बाई भाजी घेऊन बसली असेल, तर भाव विचारण्याआधी "तारो नाम कांई?" विचारून पाहा. उच्चार चुकला तर ती हसेल. हसू द्या, आणि मुलांनाही सोबत घेऊन जा.