नोट्स नाही, पत्र पाठवतो

चि. माऊ,


तुझा निरोप मिळाला. संभाजीनगरच्या एखाद्या चांगल्या क्लासच्या, दहावीच्या सगळ्या विषयांच्या नोट्स झेरॉक्स करून जाफराबादला पाठव, असं तू म्हणतेस. झेरॉक्स काढणं सोपं आहे. तरीही मी त्या पाठवत नाही. का, ते नीट सांगावं म्हणून हे पत्र.

दुसऱ्यानं काढलेलं टिपण वाचताना सगळं समजलं असं वाटतं. वाक्यं ओळखीची होतात आणि ओळख झाली म्हणजे पाठ झालं, असा आपला समज होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हाच समज तपासला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि पुढच्या तिन्ही वेळी, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. बोर्डाचा पेपर वाचल्यावर पाच मिनिटांनी नसतो गं. म्हणून टिपण तुझं तूच काढलं पाहिजेस, आणि ते स्वतःला प्रश्न विचारण्यासाठी काढलं पाहिजेस.

वही कशी आखायची हे शिकायला लांब जायला नको. आपल्याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं आणि कागदाच्या भोवती जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, असं ते सांगतात. त्या सोडलेल्या जागेला तू आणखी एक काम दे. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी विद्यार्थ्यांना शिकवलेली पद्धत अशी : डावीकडे रुंद मार्जिन, उजवीकडे टिपण, खाली दोन ओळींत सार. मार्जिनमध्ये त्या टिपणातून निघणारा प्रश्न लिहायचा. अभ्यासाला बसलीस की उजवी बाजू हातानं झाकायची, प्रश्न वाचायचा, उत्तर मोठ्यानं सांगायचं आणि मगच हात काढायचा.

प्रश्न मात्र ‘व्याख्या लिहा’ या जातीचा नको. ‘का’ आणि ‘कशावरून’ विचार. असे प्रश्न तुला घराबाहेर पडल्या पडल्या सापडतील.

भूगोल घे. तुमच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील आहे. तो देश फार दूरचा वाटतो ना? पण आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो खडक. ब्राझीलच्या दक्षिण भागातही त्याहून जुन्या लाव्ह्याचं बेसॉल्ट पसरलं आहे, पण त्यापासून झालेली माती लालसर आहे आणि तिच्यावर कॉफीचे मळे फुलले. खडक एकाच जातीचा, मग मातीचा रंग वेगळा का? तिथे पाऊस भरपूर आणि निचरा चांगला, त्यामुळे लोहाची ऑक्साइडं मागे राहतात. आपल्याकडे पाऊस कमी, मातीत फुगणारी चिकणमाती जास्त. म्हणून तर उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. एवढं एक उत्तर स्वतः जुळवलंस की हवामान, मृदा आणि पिकं हे तीन मुद्दे वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

इतिहासाचं पुस्तक इतिहासलेखनापासून सुरू होतं आणि तुम्हा मुलांना तोच धडा रुक्ष वाटतो. आता केळणेकडे बघ. आपल्या गावाशी पूर्णेला मिळणारी ही नदी वरच्या अंगाला असईवरून येते. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांची इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढाई झाली. नदी ओलांडायला जवळ उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, तेव्हा लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असणारच, असा तर्क त्यानं केला आणि तो खरा ठरला. पुराव्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे हेच. मार्जिनमध्ये लिही : ही हकिगत आपल्याला कोणाच्या कागदांतून कळते? जिंकणाऱ्याच्या. मग हरलेल्या बाजूचं काय उरलं? या एका प्रश्नात तो अख्खा धडा आहे.

विज्ञानाचंही तसंच. दाजी दरवर्षी कपाशीचं बियाणं विकत का आणतात, घरची सरकी का पेरत नाहीत? आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि संकरित बियाणं गावोगाव पोचलं. संकराची पहिली पिढी एकसारखी येते, दुसऱ्या पिढीत गुणधर्म पुन्हा फुटून वेगळे होतात. नववीत मेंडेलच्या वाटाण्यात तू हेच शिकलीस. तो नियम दाजींना तुझ्या शब्दांत समजावून सांग. त्यांना पटला, तर तुला समजला.

गणिताची वही वेगळी ठेव. सोडवून दिलेली उदाहरणं तिच्यात उतरवू नकोस. जिथे अडलीस ती पायरी लिही, कशामुळे अडलीस ते लिही, आणि चार दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा सोडव. परीक्षेआधी चाळायला या वहीसारखं दुसरं काही नाही.

जाफराबादेत राहून आपण शहरातल्या मुलांच्या मागे पडतो, असं तू निरोपात म्हणालीस. ते मला फार लागलं. चांगली प्रयोगशाळा, मोठं वाचनालय तालुक्याच्या गावाला मिळायलाच हवं, आणि ते मागायचा तुला हक्क आहे. पण विचार करायला लागणारा माल तुझ्याकडे कमी नाही, आणि तो कुठल्याही क्लासच्या झेरॉक्समध्ये येणार नाही.

आज एकच धडा घे. टिपण काढ, मार्जिनमध्ये पाच प्रश्न लिही. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आणि बाईंना विचारूनही मिळालं नाही, तो मला कळव. आपण दोघं मिळून शोधू.

अक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा