रात्रपाळी

परवा आमच्या फार्मसीत रात्रीच्या ट्रेनिंगला एक नवी विद्यार्थिनी आली. आपल्या मंडळातल्याच घरची. गणपतीत मला मावशी म्हणते, इथे नावाने हाक मारते. आल्या आल्या तिने विचारलं, "रात्री तीनला झोप आली तर काय करायचं?" मला हसू आलं, आणि १९९१ साल आठवलं.

नागपूर विद्यापीठाची बी.फार्म. एवढ्या शिदोरीवर मी ओहायोत आले होते. परदेशी पदवीधरांची परीक्षा पास झाले, आता पंधराशे तासांची इंटर्नशिप उरली होती. मुलगी तीन वर्षांची, डे-केअर परवडत नव्हतं, म्हणून हॉस्पिटलातली रात्रीची शिफ्ट मागून घेतली. अकरा ते सात. सकाळी मी गाडीतून उतरायची आणि त्याच गाडीत हे बसायचे. संसाराचीही शिफ्टच म्हणायची!

आईला कळवलं तर पत्र आलं, "तुझ्या बाबांनी एम्प्रेस मिलमध्ये रात्रपाळ्या केल्या, त्या तुला कराव्या लागू नयेत म्हणून. आणि तू सातासमुद्रापार जाऊन तेच?"

पहिली पंचाईत नावांची. पॅरासिटामॉलचं इथे ॲसिटॅमिनोफेन, सालब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, पेथिडीनचं मेपेरिडीन, ॲड्रिनलिनचं एपिनेफ्रिन. सासरी आल्यावर नाव बदलावं तशी ही औषधं. माझंही बदललेलं होतं, त्यामुळे मला त्यांचा कळवळा यायचा. सलाईनच्या पिशव्यांत औषध भरायचं तर हात कोपरापर्यंत धुवायचे, त्याआधी बांगड्या, अंगठी सगळं कोटाच्या खिशात. मग सत्तर टक्के अल्कोहोलने हूड पुसायचा. (नव्वदपेक्षा सत्तर टक्केच जंतूंना जास्त मारक, कारण त्या कामाला थोडं पाणीही लागतं. कॉलेजात हे पाठ होतं, कळलं इथे.)

रात्री आम्ही दोघेच. मी आणि साठीतले एक फार्मसिस्ट, मितभाषी गृहस्थ. फेब्रुवारीतल्या एका रात्री वर्षाच्या एका बाळासाठी मॉर्फिनची ऑर्डर आली. वजन दहा किलो, डोस एक मिलिग्रॅम. मी चिठ्ठीवर लिहिलं '1.0'. नागपूरच्या प्रयोगशाळेत दशांश चिन्हापुढचं शून्य गाळलं की मार्क कापले जायचे, तीच सवय. त्यांनी चिठ्ठी बघून सिरिंज भरली, लेबल हातात घेतलं आणि थांबले.

"किती लिहिलंयस?"

"एक."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "वाच."

टिंब फॉर्मच्या छापील रेघेवर बसलं होतं. दिसत होते ते दहा. दहापट मॉर्फिन, वर्षाच्या जीवाला. माझे पाय गार पडले. घरी माझी मुलगी झोपली होती, तीच डोळ्यांपुढे आली.

ते रागावले नाहीत. नवी चिठ्ठी घेऊन नुसता '1' लिहिला, खाली '0.5' लिहून दाखवलं. शून्य टिंबाच्या आधी हवंच, नंतर कधीच नको. मग भरलेलं मॉर्फिन टाकून द्यायचं तर नोंदवहीत साक्षीदाराची सही लागते, म्हणून नर्सला बोलावलं. तिने कारण विचारलं.

"माझी चूक," ते म्हणाले.

मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही. लायसन्स, उरलेले तास, व्हिसा, सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं आणि तोंड उघडलंच नाही. यांनाही ते कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने, लिहू नयेत अशा खुणांची यादी काढली. त्यात हे मागचं शून्य होतं. युनिटसाठीचा नुसता 'यू'सुद्धा होता, तोही शून्यासारखा दिसतो म्हणून. यादी आमच्या भिंतीवर लागली तोवर ते गृहस्थ निवृत्त होऊन गेले होते.

आता लेबलं कॉम्प्युटर छापतो. तरी परवा तीनच्या सुमाराला त्या मुलीने हिशेब केला तो कागदाच्या कपट्यावर, आणि शेवटी लिहिलं '2.0'. मी कपटा तिच्याकडे फिरवला आणि वाचायला सांगितलं. तिने बरोबर "दोन" वाचलं, आणि यात काय चुकलं म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

मग चहा करून घेतला, आणि तिला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. चूक कोणाची होती तेही.