नळदुर्गच्या वाटेवरची बोर

तुळजाभवानीच्या दर्शनाला जाणाऱ्या मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला तशाच माघारी फिरू नका. बोरी नदीकाठचा नळदुर्ग किल्ला आणि त्यातला १६१३ सालचा पाणीमहाल बघून या. वाटेत माळावर, शेताच्या बांधावर बोरीची झाडं दिसतील, तीही जरा निरखा.

धाराशिव जिल्हा दुष्काळाचा. विहिरी आटतात, पण बोर तग धरते. तिचं सोटमूळ खोल जातं, उन्हाळ्यात ती पानं गाळून बसते. पाला शेळ्या खातात, काटेरी फांद्यांचं कुंपण होतं.

परसात मोकळा कोपरा असेल तर तुम्हीही बोर लावा. आठळी हलकेच फोडून आतलं बी झाड हवं तिथंच पेरा. मोठं रोप उपटून लावलं की सोटमूळ तुटतं. खोड पेन्सिलीएवढं झालं की माहीतगार माळ्याकडून ‘उमराण’ जातीचा डोळा भरून घ्या. डोळ्याखालची फूट खुडत राहा, नाहीतर रानबोरच माजेल.

पहिली दोन वर्षं पाणी घाला. पुढं पाण्यापेक्षा कात्री महत्त्वाची! फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून एप्रिलात फांद्या आखूड करा. पावसाळ्यात हिरवट-पिवळी बारीक फुलं येतात, थंडीत बोरं पिकतात. गळलेली किडकी बोरं वेचून पुरून टाका, म्हणजे फळमाशी वाढणार नाही.

मग संक्रांतीचं सुगड नि बाळाचं बोरन्हाण घरच्याच बोरांनी! टँकरची वाट बघणाऱ्या गावातही हे वाण लुटता येतं, बरं का.