पांढरीची माती

हलक्या रानाला पांढरीची माती घालावी, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाची ती राखट, भुसभुशीत माती. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, गुरांचं शेण, पडक्या भिंती, सगळं तिच्यात मुरलेलं. मी बी.एस्सी. ॲग्री होऊन नवा नवा येडशी भागात आलो, तेव्हा तेरणाकाठच्या एका शेतकऱ्याला मीच म्हणालो होतो, "नाना, शेणखत पुरत नाही म्हणता, मग पांढरीच्या चाळीस गाड्या ओढा की!"

नानांनी ओढल्या. ज्वारी झकास आली. मातीत खापरं निघाली, रंगीत मणी निघाले, भाजक्या मातीच्या बाईचं एक मुंडकं निघालं. मणी पोरींनी ओवून गळ्यात घातले, खापरं बांधावर गेली, मुंडक्याशी पोरं खेळली. मी हे सगळं पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावाला गेलो. मातीत सापडलेली मोलाची चीज कलेक्टरला कळवावी असा 1878 पासूनचा कायदा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी इजिप्तविषयी वाचत होतो. नाईल नदीकाठचे शेतकरीही जुन्या वस्त्यांच्या टेकाडांची माती रानात घालत. तिला ते 'सबाख' म्हणतात. 1887 साली अमर्ना इथं सबाख खणताना एका खेडवळ बाईला मातीच्या पाट्या सापडल्या, वर बाणाच्या टोकासारखी अक्षरं. जाणत्यांनाही आधी त्या बनावट वाटल्या. हातोहात फिरताना कित्येक फुटल्या. मग उलगडलं, की ती राजेलोकांची तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची पत्रं होती! वाचल्या त्या साडेतीनशेच्या वर. नेपोलियनबरोबर 1798 मध्ये गेलेले विद्वान, 1822 मध्ये चित्रलिपीचं कोडं सोडवणारे शांपोलियों, यांची नावं पुस्तकात येतात. त्या बाईचं येत नाही. मला मात्र नानांचा बांध आठवला आणि पुस्तक मिटावं लागलं.

बरं, इजिप्त आपल्याला तितकं परकंही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं दर्यावर्दी लोकांसाठी 'पेरिप्लस' नावाची वाटाडी पोथी लिहिली. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर'. तिथून गाड्यांनी जाडंभरडं कापड आणि मलमल भडोचच्या बंदराला येते, असं त्यात आहे. हे तगर कुठलं? कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर, कुणी धारूर. 1901 मध्ये फ्लीट या विद्वानानं दाखवून दिलं, की तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं तेर. मग पुराणवस्तू खात्याच्या कझिन्स यांनी तिथली टेकाडं आणि विटांची जुनी देवळं पाहून अहवाल लिहिला.

साहेबांनी नाव शोधलं हे खरं. पण वस्तू सांभाळल्या त्या गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. लोक ज्याला खापर म्हणून लाथाडत, ते त्यांनी वर्षानुवर्षं उचलून जपलं. हजारो वस्तूंचा तो साठा आज तेरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तिथली हस्तिदंती बाहुली पाहा. तशाच घडणीची एक 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईला सापडली.

गेल्या उन्हाळ्यात नानांना तिथं घेऊन गेलो. आता ते थकलेत. काचेआडच्या मण्यांपुढं बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सायेब, ह्ये तर आपल्या पांढरीतलं."

घरी आल्यावर काकूंनी जुनी पेटी उपसली. एका दोऱ्यात अकरा मणी निघाले. ते एका चिंधीत बांधले आणि संग्रहालयाला लिहायचं पत्र मी तिथंच बसून लिहिलं. मुंडक्याचा पत्ता नाही. नाना म्हणाले, पेरणीआधी बांधावरच्या बाभळी तोडायच्याच आहेत, तेव्हा माती चाळून बघू.